मला ढोल म्हणू नका

मित्रांनो, माझ्या पायाशी एक पितळी पाटी ठोकली आहे. तिच्यावर 'बंडखोरांचा युद्धाचा ढोल' असं कोरलंय. शाळांच्या सहली येतात, बाई ती पाटी मोठ्यानं वाचतात आणि मुलं दोन पावलं मागे सरकतात. एखादा धीट मुलगा काचेच्या फटीतून हात घालून माझ्या चामड्यावर टिचकी मारतो. भरल्या पोटावर मारल्यासारखा ठप्प आवाज येतो. ढोल असा वाजत नाही, पण हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पाटी खोटी आहे. मी उखळ आहे. हैती देशातल्या ओकाप शहरात सिलिसिया नावाच्या बाईच्या अंगणात कॉफी कुटायचं साधं उखळ. त्याहून जास्त मी कधी काही नव्हतो, आणि व्हायची हौसही नव्हती.

मी महोगनीच्या झाडाचा आहे. एका वादळात ते आडवं झालं आणि सिलिसियाच्या वडिलांनी, बाझिल म्हाताऱ्यानं, ते बैल लावून घरी ओढून आणलं. वरच्या अर्ध्या खोडाचा त्यानं ढोल केला आणि खालच्या जाड बुंध्याचा मी. म्हणजे तो ढोल माझा सख्खा भाऊ. आमच्याकडे ढोलाचं बारसं होतं. त्याला नाव ठेवतात, डोक्यावर पाणी शिंपडतात, धर्माचे आईबाप नेमतात. माझ्या भावाच्या बारशाला गल्ली लोटली होती. मी मात्र कोपऱ्यात उभा राहून बारशाच्या जेवणाची मिरी कुटत होतो. उखळाचं बारसं कोण करतं? खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. पुढे त्या बारशाचं काय झालं ते पाहिल्यावर तो राग गेला.

अंगणाचे काही नियम होते. बाहेरच्यानं फाटकाशी थांबून "ओने!" म्हणायचं, म्हणजे मान. घरातून "रेस्पे!" असं उत्तर यायचं, म्हणजे आदर. ते उत्तर मिळाल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नसे, आणि ते मिळालं की आलेला माणूस पाहुणा, त्याला कॉफी मिळणारच, मग तो वैरी का असेना. कॉफीचे पहिले तीन थेंब जमिनीवर टाकायचे, घरातल्या मेलेल्या माणसांसाठी. आणि उखळावर बसायचं नाही. ज्यातून घराला खायला मिळतं, त्यावर कुणी बूड टेकतं का?

सिलिसिया आणि तिची मुलगी फिलोमेझ, दोघी दोन बाजूंना उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. गूळ घालून भाजलेल्या बिया माझ्या पोटात फुटायच्या आणि वासानं गल्ली जागी व्हायची. फिलोमेझचा नवरा ओरेलुस ढोल वाजवायचा. शेतावरच्या सामाईक कामाला, लग्नाला, मयताला त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. त्यांची लुसिमेन चार वर्षांची होती. ती माझ्या काठावरची कॉफीची पूड बोटानं चाटायची आणि आजीचा धपाटा खायची. अशी माझी वीस वर्षं सुखात गेली.

मग बंदरात परदेशी युद्धनौका आल्या. त्यांचे शिपाई शहरात उतरले ते राहायलाच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी साखरेची वखार होती, तिच्यात त्यांनी चौकी मांडली आणि छपरावर मशीनगन चढवली. परक्या माणसाला आमच्याकडे ब्लाँ म्हणतात. हे ब्लाँ "ओने" म्हणत नसत. बुटानं फाटक उघडायचे आणि सरळ चुलीपर्यंत यायचे.

त्यांतला एक वेंडेल. विशीतला, कान उन्हानं सोललेले, गावाकडचा शेतकऱ्याचा मुलगा. तो पहिल्या दिवशी आला आणि माझ्यावर आडवं फळकुट टाकून ऐसपैस बसला.

"ऊठ मेल्या! ते उखळ आहे, तुझ्या बापाची खुर्ची नाही!" सिलिसिया ओरडली.

त्याला वाटलं, ती स्वागत करतेय. त्यानं टोपी काढली आणि हसला. फिलोमेझनं हसू दाबायला तोंडावर हात धरला. त्या दिवसापासून तो रोज सकाळी येऊ लागला.

तो माझ्यावर बसून घरी पत्रं लिहायचा आणि लिहिता लिहिता ओठांनी वाचायचा. माणसांना भाषा शिकाव्या लागतात. लाकूड ज्याच्याखाली दबतं त्याचं सगळं त्याला कळतं. "आई, इथली माणसं कॉफी पिण्याआधी सांडतात. हात थरथरत असावेत, किंवा वाया घालवायची सवय असेल." "इथे कुणी सरळ घरात शिरत नाही, बाहेरून ओरडतात. एकमेकांवर भरवसा नसावा." "इथल्या बायका डोक्यावर एवढं ओझं घेऊन हसत चालतात, म्हणजे त्यांना दुखत नसणार." "रोज कुठेतरी ढोल वाजतो. कप्तान म्हणतो, डोंगरातल्या बंडखोरांना निरोप धाडतात." खरं तर त्या आठवड्यात ढोल वाजला होता तो कोपऱ्यावरच्या लोहाराच्या लग्नाचा. पण पत्रात लग्न कुठेच नव्हतं.

एकदा मात्र त्यानं वेगळं लिहिलं. दोघी कुटत होत्या आणि तो डोळे मिटून बसला होता. "आई, तू लोणी काढताना लाकडी पिंपातला दांडा जसा वाजतो, तसाच आवाज इथे येतो. डोळे मिटले की मी आपल्या स्वयंपाकघरात असतो." मग त्यानं खुणांनी आणि मोडक्या शब्दांनी फिलोमेझला तेच सांगितलं. धप्, धप्. माझी आई. तिनं मान हलवली.

त्यानंतर तो माझ्यावर बसेनासा झाला. "ओने" म्हणायलाही शिकला. सिलिसिया म्हणाली, "पोरगं वाईट नाही गं. बंदूक वाईट."

"बंदूक आपोआप चालत नाही, आई," फिलोमेझ म्हणाली आणि मुसळ जोरात आपटलं.

थोड्या दिवसांनी हुकूम निघाला, की शहरात एकही ढोल ठेवायचा नाही. एका रविवारी शिपाई घराघरांत घुसले. तीन ढोल, पाच ढोल, म्हाताऱ्यांच्या खाटेखालून ओढलेले ढोल, सगळे चर्चसमोर रचले आणि वर रॉकेल ओतलं. आमच्या अंगणात ते शिरले तेव्हा ओरेलुस माझ्या भावाला मिठी मारून बसला होता.

"त्याचं बारसं झालंय!" तो ओरडत होता. "त्याला नाव आहे! माणूस जाळता का रे तुम्ही?"

दुभाष्यानं ते सांगितलं आणि शिपाई हसले. एकानं बंदुकीचा दस्ता ओरेलुसच्या तोंडावर हाणला. त्याचे दात माझ्या पायाशी पडले. तरी त्यानं मिठी सोडली नाही, उलट एका शिपायाच्या हाताला कडकडून चावला, उरल्या दातांनी. मग त्याला इतकं मारलं की लुसिमेन ओरडायचीही विसरली. कमरेला दोर बांधून त्याला रस्त्याची खडी फोडायच्या सक्तीच्या कामावर नेलं. वेंडेल दाराशी उभा होता. "एक आठवडा," तो फिलोमेझला म्हणाला आणि एक बोट दाखवलं. माझा भाऊ त्या संध्याकाळी जळाला. महोगनी लवकर पेटत नाही. तो बराच वेळ जळत होता.

एका आठवड्याचे सहा झाले. फिलोमेझचा जीव टांगणीला लागला होता. वेंडेल आला की ती नुसती बोटं मोजून दाखवायची, आणि तो खाली बघायचा. सातव्या आठवड्यात ओरेलुस परत आला, दाराच्या फळीवर आडवा, पाठीत दोन गोळ्या. पळत होता म्हणे. ज्याच्या घोट्याला बेडीनं हाड दिसेपर्यंत कापलं होतं तो पळणार कसा, हे कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, आमच्याकडे मयताच्या घरी सगळी गल्ली येते आणि प्रत्येकाला कॉफी लागते. ढोलकऱ्याच्या मयताला ढोलही लागतो, नाहीतर त्याचा जीव वाटेतच अडकतो असं मानतात. फिलोमेझला दुसरं काही नको होतं. ज्यानं सगळ्या गावाला वाजवून निरोप दिला, त्याला मुक्यानं पाठवायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

"ढोल जाळला," ती म्हणाली. "कॉफी कुटायला कुणी बंदी केली नाही ना?"

"जपून गं," सिलिसिया म्हणाली. "वखार जवळ आहे."

"वखारीला रोज सकाळी हाच आवाज ऐकू येतो, आई. वेंडेल आहे ना तिथे. त्याला ठाऊक आहे."

उन्हं कलताना दोघी माझ्यापाशी उभ्या राहिल्या. आधी रोजच्यासारखं चाललं. मग फिलोमेझच्या हातात ओरेलुसची चाल आली. तिनं ठरवून आणली की हात आपोआप गेले, मला सांगता येणार नाही. तीन जलद, एक थांबून. अंगणात बसलेल्या माणसांनी ती ओळखली. कुणीतरी हुंदका दिला, कुणी टाळी धरली. मीही जीव ओतून वाजलो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावाचं काम करत होतो.

आमच्या अंगणाला निवडुंगाचं कुंपण होतं. गोळ्या त्यातूनच आल्या. कुणी हाक मारली नाही, कुणी थांबा म्हटलं नाही. लोहार बसल्या जागी कलंडला. एक म्हातारी उठून दाराकडे निघाली आणि उंबऱ्यातच पडली. एक गोळी माझ्या काठाखाली घुसली, ती अजून आत आहे. फिलोमेझच्या गळ्याला लागली. ती माझ्यावर ओणवी पडली, मुसळ हातात तसंच, आणि तिचं रक्त अर्धवट कुटलेल्या कॉफीत उतरलं. मी ते थांबवू शकत नव्हतो. उखळाचं तोंड वरच असतं.

मग ते आत आले. कप्तान ढोल शोधत होता. खाट उलटी केली, चूल फोडली, ओरेलुसच्या प्रेताखालीसुद्धा चाचपलं. शेवटी फिलोमेझला केसांना धरून बाजूला केलं आणि माझ्यात वाकून पाहिलं. कॉफी पाहून त्याचा चेहरा क्षणभर बदलला. पण इतक्या माणसांसमोर चूक कबूल करणार कोण? तो दुभाष्याला काहीतरी म्हणाला आणि दुभाषा मान खाली घालून ओरडला, "साहेब म्हणतात, पुन्हा इथून ढोल ऐकू आला तर आत येणार नाहीत. छपरावरूनच मारतील."

सिलिसिया लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. पण ते वाक्य तिच्या कानावर पडलं, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावरून दाट धुकं आलं. शेजारी आपापली मेलेली माणसं उचलून घाबरून पळाले होते. घरात दोन प्रेतं होती, अंगणात सिलिसिया आणि लुसिमेन. फाटकाशी आवाज आला, "ओने!"

वेंडेल होता, बंदुकीशिवाय. सिलिसियानं आधी लुसिमेनला आपल्या मागे घेतलं. मग ती म्हणाली, "रेस्पे."

तो आत आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. मोडक्या शब्दांत त्यानं सगळं सांगितलं. चौकीत काल कप्तानानं त्यालाच विचारलं होतं, तू रोज तिथे जातोस, हा आवाज कसला? ढोल आहे का? आदल्या आठवड्यात त्याचा मित्र डोंगरात मारला गेला होता. बाकीचे शिपाई त्याला बायकांच्या अंगणातलं मांजर म्हणून चिडवायचे. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी 'हो' म्हटलं. ढोल."

सिलिसिया उठून माझ्यापाशी आली. ती म्हणाली, "मयताच्या घरी आलास, तुला कॉफी द्यायला हवी. कुटलेली नाही. कुटणारी आत झोपलीय."

तिनं मला धुतलं होतं. तिनं नव्या बिया ओतल्या, फिलोमेझचं मुसळ उचलून त्याच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः घेतलं.

"दोघांचं काम असतं. चल."

तो कुटू लागला. शिपायासारखं, डावा उजवा, डावा उजवा. "असं नाही," ती म्हणाली. "हलक्या हातानं. तीन जलद, मग थांब." ती दाखवत राहिली आणि तो शिकत राहिला. तो डोळे मिटून रडत होता, पण ताल जमू लागला होता. जमला तेव्हा तिनं आपलं मुसळ भिंतीला टेकवलं.

"आता थांबू नकोस," ती म्हणाली. "थांबलास तर चव बिघडते."

तिनं लुसिमेनचा हात धरला आणि मागच्या दगडी हौदाआड गेली. मित्रांनो, मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. तिला ठाऊक होतं. ती चांगली बाई होती, मी वीस वर्षं तिचे हात ओळखत होतो, आणि तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी लाकूड आहे, मुका राहू शकत नाही. कुणी मारलं की मला वाजावंच लागतं.

मध्येच वेंडेलनं डोळे उघडले. सिलिसिया दिसली नाही. त्यानं वखारीच्या दिशेला पाहिलं, तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं. मुसळ टाकून आडवं व्हायला त्याला वेळ होता. त्यानं डोळे पुन्हा मिटले आणि कुटत राहिला. त्याला सारं कळलं होतं, का तो नुसता आईच्या स्वयंपाकघरात पोचला होता, हे मला आजही ठरवता येत नाही.

छपरावरची मशीनगन सुरू झाली. निवडुंग तुकडे होऊन उडाले, फिलोमेझच्या खोलीची भिंत चाळणी झाली. वेंडेल माझ्या अंगावरून घसरत खाली बसला, जसा पहिल्या दिवशी बसला होता त्याच जागी, पण या वेळी जमिनीवर. गोळीबार थांबायला फार वेळ लागला.

कप्तान आला तेव्हा सिलिसिया आणि लुसिमेन हौदामागच्या वाटेनं डोंगराकडे निघून गेल्या होत्या. तो आपल्या शिपायाकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे. उखळाच्या आवाजावर स्वतःचा माणूस मारला, असं कागदावर कसं लिहायचं? दुपारी एका शिपायानं बोकडाचं ओलं कातडं आणलं. ते माझ्या तोंडावर ताणलं आणि कडेनं खिळे ठोकले. आत कॉफी तशीच होती. माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढला. बंडखोर ढोल घेऊन आले, त्यांनी वेंडेलला मारलं, आम्ही ढोल जिंकला. मग अंगण पेटवलं. फिलोमेझ आणि ओरेलुस त्यातच गेले. ओरेलुसला शेवटी निरोप दिला तो मशीनगननं.

मला जहाजातून त्यांच्या देशात आणलं. वेंडेलच्या आईला पदक मिळालं, असं मी गोदामात ऐकलं. ती लोणी काढताना काय आठवत असेल, असं पुष्कळदा मनात येई. मी पन्नासेक वर्षं गोदामात धूळ खाल्ली, मग या काचेत आलो. इथे मला दर सोमवारी पुसतात. पण माझ्या तोंडावरचे खिळे कुणी काढत नाही.

परवा एक म्हातारी आली. हातात काठी, पिशवीत थर्मास. ती काचेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ओने!"

मित्रांनो, त्या वेळी मला फार वाटलं की आपल्याला 'रेस्पे' म्हणता यावं.

ती लुसिमेन होती. तिनं माझ्या काठाखालचं गोळीचं भोक शोधलं आणि रखवालदाराला बोलावलं. "ही पाटी काढा. हा ढोल नाही. माझ्या आजीचं उखळ आहे. कातडं फाडून बघा, आत कॉफी निघेल."

"बाई, पाटी कोरलेली आहे," तो नम्रपणे म्हणाला. "कागदपत्रं आहेत. फोटोसुद्धा आहे."

"त्या फोटोच्या दिवशी सकाळी मी त्या अंगणात होते," ती म्हणाली. पण तो दुसऱ्या दालनात गेला होता.

मग तिनं थर्मास उघडला. झाकणात कॉफी ओतली आणि चकचकीत फरशीवर एक थेंब टाकला. "बाबा." दुसरा टाकला. "आई." तिसरा टाकला. "आजी." ती झाकण तोंडाशी नेत होती, थांबली. तिचा हात थरथरत होता, आणि या वेळी तो खरंच थरथरत होता. तिनं चौथा थेंब टाकला. नाव घेतलं नाही. उरलेली कॉफी ती उभ्यानंच प्यायली आणि निघून गेली. रखवालदारानं फडकं आणून फरशी पुसली.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही सहलीला आलात तर मला घाबरू नका आणि टिचकी मारू नका. कुणी मोठं माणूस तुमच्यासोबत असेल तर त्याला एवढंच सांगा, की याच्या तोंडावरचं कातडं काढा, याला श्वास घेऊ द्या. आणि तुम्हाला कधी कुणी दरडावून विचारलं, हा आवाज कसला आहे, आणि तो तुमच्या ओळखीचा असेल, तर ओळखीचा आहे म्हणून सांगा. सगळे तुमच्याकडे बघत असले तरी सांगा. वेंडेलला त्या संध्याकाळी एकच शब्द बोलायचा होता. उखळ.